ठिगळ लावलेला चेहरा

फ्रँक आउअरबाख या चित्रकाराने १९५०च्या दशकात लंडनमध्ये चारकोलने काही डोकी काढली. मोठ्या कागदावर एकच डोकं, आजूबाजूला काही नाही. समोर बसणारं माणूस ठरावीक वारी यायचं. बैठक संपेपर्यंत कागदावर चेहरा उभा राहायचा आणि पुढच्या खेपेला चित्रकार तो पुसून टाकायचा. उरलेल्या करड्या सावलीवर पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा. असं महिनोन् महिने. घासून घासून कागद विरायचा, कधी फाटायचा. अशा वेळी दुसऱ्या कुणी कागद बदलला असता. आउअरबाख फाटक्या जागी दुसरा तुकडा चिकटवून तिथूनच पुढे जायचा. २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीने ही डोकी एकत्र मांडली, तेव्हा कपाळागालावरून गेलेल्या त्या तुकड्यांच्या कडा जखमांच्या व्रणांसारख्या वाटल्या तर नवल नव्हतं. ती काढली गेली तेव्हा लंडन बाँबच्या खड्ड्यांनी भरलेलं होतं. पण गोधडी शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल की ठिगळ म्हणजे जखम नव्हे. जी वस्तू टाकायची नसते, तिलाच माणूस ठिगळ लावतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश चित्रा-शिल्पांतल्या माणसाकडे मला या बाजूने पाहायचं आहे.

रूढ समज वेगळा आहे, आणि तो सोयीचाही आहे. युद्धाने माणूस मोडला, म्हणून कलेतला माणूसही मोडका झाला, असा तो सरळ हिशेब. १९५२च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनच्या दालनात आठ तरुण शिल्पकार मांडले गेले. रेग बटलर, लिन चॅडविक, केनेथ आर्मिटेज, एदुआर्दो पाओलोझ्झी वगैरे. त्यांच्या काटकुळ्या, टोकदार, सांगाडेवजा आकृत्यांना समीक्षक हर्बर्ट रीड यांनी ‘भीतीची भूमिती’ म्हटलं आणि हे नाव सगळ्या पिढीला कायमचं चिकटलं. शिक्का चांगला असला की त्याखालचा माल कुणी उघडून पाहत नाही. फ्रान्सिस बेकनचं उदाहरण घ्या. भगव्या पार्श्वभूमीवर लांब मानेचे, दात विचकणारे तीन प्राणी असलेलं त्याचं तीन फलकांचं चित्र युद्धोत्तर भयाचा जणू जन्मदाखला मानलं जातं. ते लंडनच्या लफेव्र गॅलरीत लागलं एप्रिल १९४५च्या सुरुवातीला. बेल्सनच्या छळछावणीत ब्रिटिश सैन्य शिरलं १५ एप्रिलला, आणि तिथली छायाचित्रं लोकांनी पाहिली ती त्यानंतर. बेकनच्या चित्रामागे ग्रीक नाटकातल्या सूडदेवता होत्या आणि पॅरिसमध्ये पाहिलेला पिकासो होता. इतकंच नव्हे, १९३३ मध्येच बेकनने एक भुतासारखं पांढुरकं क्रूसारोहण रंगवलं होतं, आणि ते आपल्या पुस्तकात छापणारे होते हेच रीडसाहेब. म्हणजे भीतीची भूमिती युद्धाच्या आधीच पाटीवर गिरवली जात होती. युद्धाने तिला वाचक मिळवून दिले.

मग युद्धाने काही बदललंच नाही का? बदललं, पण ते निराळ्या ठिकाणी. ते पाहायला शिल्पकार हेन्री मूरच्या आसऱ्याच्या चित्रांकडे जावं लागतं. सप्टेंबर १९४० मध्ये एका रात्री मूर भुयारी रेल्वेने घरी येत होता. वर विमानविरोधी तोफांचा मारा चालू असल्यामुळे बेल्साइझ पार्क स्टेशनात अडकून पडला. फलाटावर बाँबहल्ल्यांपासून आसरा घेतलेली माणसं ओळीने झोपलेली होती. पुढे तो अशा स्टेशनांत रात्री-रात्री फिरला, पण झोपलेल्यांसमोर वही उघडून बसला नाही. कोपऱ्यात जाऊन दोन शब्द टिपायचे आणि दुसऱ्या दिवशी घरी आठवणीतून रेखाटायचं, ही त्याची रीत. उघड्यावर झोपलेल्या माणसाकडे टक लावून पाहणं त्याला असभ्य वाटत होतं. आता या चित्रांची कृती बघा. आधी मेणखडूने आकृती काढायची, मग वरून काळसर जलरंगाचा हात फिरवायचा. मेणावर पाणी ठरत नाही. अंधार सगळ्या कागदावर पसरतो, पण पांघरुणाखालचे गुडघे, उघडं तोंड, कुशीतलं मूल यांवरून निथळून जातो. त्यावर मग शाईच्या रेघा. माध्यम आणि अर्थ एकमेकांत इतके मुरलेले क्वचितच दिसतात. ही शरीरं विद्रूप आहेत, कोशातल्या अळ्यांसारखी आहेत, असं म्हणणारे त्या काळीही होते. पण ज्या माणसाने त्यांना काढताना आधी मेण लावलं, त्याला ती बुडू द्यायची नव्हती.

याच्या उलटही घडलं, आणि तो प्रसंग माझ्या म्हणण्याची मोठी परीक्षा आहे. १९५३ मध्ये लंडनमध्ये ‘अज्ञात राजकीय कैदी’ या विषयावर शिल्पाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. (पैसा एका निनावी देणगीदाराचा होता, तो एक धनाढ्य अमेरिकन होता हे नंतर कळलं. शीतयुद्धात कैदीसुद्धा कुणाच्या तरी खर्चानेच अज्ञात राहतात.) पहिलं बक्षीस रेग बटलरला. हा मूळचा वास्तुरचनाकार. युद्धात लढायला नकार देऊन त्याने खेड्यात लोहारकी केली होती. त्याच्या प्रतिकृतीत खडकावर उभा एक लोखंडी सांगाडा होता, मनोऱ्यासारखा, पिंजऱ्यासारखा, आणि तळाशी वर पाहणाऱ्या तीन इवल्या बायका. कैदी कुठेच नव्हता. ही प्रतिकृती टेट गॅलरीत मांडलेली असताना मार्च १९५३ मध्ये हंगेरीतून आलेल्या एका निर्वासित कलाकाराने ती हाताने चुरगाळून टाकली. त्याचं लेखी म्हणणं असं होतं की हे कैदी हाडामासाची माणसं होती, त्यांना भंगार लोखंडात बदलणं हाही त्यांच्यावरचा अत्याचारच आहे. त्याने कलाकृती मोडली हे चूकच. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. बटलरने माणूस वगळून त्याची गैरहजेरी घडवली होती, आणि जो माणूस अशा गैरहजेरीतून जीव वाचवून आला होता त्याला ती पुरेशी वाटली नाही. मला बटलरचं शिल्प थोर वाटतं, ते त्या तीन इवल्या बायकांमुळे. त्या काढून टाकल्या तर उरतो एक देखणा अँटेना. वर टक लावणाऱ्या या बोटभर आकृत्यांमुळेच रिकामा पिंजरा कुणाचा तरी पिंजरा होतो. मूळ योजनेनुसार हे स्मारक बर्लिनमध्ये प्रचंड आकारात उभं राहायचं होतं. ते कधीच उभं राहिलं नाही.

भंगाराचाच धागा पकडायचा तर पाओलोझ्झीला टाळता येत नाही. हा लीथमधल्या इटालियन कुटुंबातला मुलगा. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटनमधले इटालियन रातोरात शत्रू ठरले. पोरगा तुरुंगात गेला. वडील आणि आजोबा हद्दपारांना घेऊन निघालेल्या ‘अरंडोरा स्टार’ जहाजावर होते, आणि जुलैत ते जहाज पाणबुडीने बुडवलं. १९५६-५७च्या सुमारास पाओलोझ्झी मोडक्या यंत्रांचे भाग, चाकं, नट, तुटकी खेळणी मऊ मातीत दाबून त्यांचे ठसे घ्यायचा, त्या ठशांवर मेण ओतून पत्रे करायचा, पत्रे जोडून माणूस उभा करायचा आणि मग ब्राँझमध्ये ओतायचा. १९५७चा त्याचा ‘सायक्लोप्स’ जवळून पाहिला तर अंगभर दाते, खाचा, स्क्रूची डोकी दिसतात. छातीच्या जागी पोकळी, पाय काठ्यांसारखे. यंत्राने माणूस खाल्ला, असा त्याचा अर्थ लावायची पद्धत आहे. मला उलट दिसतं. ढिगाऱ्यात जे काही हाताला लागेल त्यातून कुणीतरी माणूस उभा करतो आहे. डोकं, दोन पाय, तोल. एवढं जमलं की बाकी कशाचंही असो. चरित्रावरून कलेचा अर्थ लावणं हा स्वस्त उद्योग आहे हे मला कबूल आहे, आणि वडील बुडाले म्हणून मुलाने पुतळे केले असं मी म्हणत नाही. माझा पुरावा हाताच्या कामात आहे. नाश दाखवायचा असेल तर आकृती मोडायची असते. इथे ठसा, मेण, जोडणी, ओतकाम अशा चार पायऱ्यांनी ती बांधली जाते.

चित्रकलेत या चिकाटीने हटवादाचं रूप घेतलं. आउअरबाखकडे परत येतो. बर्लिनमध्ये १९३१ साली जन्मलेला हा मुलगा आठवा वाढदिवस यायच्या आत एकटा इंग्लंडला पाठवला गेला. आईवडील आउशविट्झमध्ये गेले. १९५४ पासून २०२४ मध्ये मरेपर्यंत तो उत्तर लंडनमधल्या कॅम्डन भागातल्या एकाच स्टुडिओत काम करत राहिला, आणि समोर बसणारी माणसंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. स्टेला वेस्ट वीसहून अधिक वर्षं बसली, ज्युलियेट यार्डली मिल्स सुमारे चाळीस. सुरुवातीला तो रंगावर रंग चढवायचा, इतका की चेहरा चित्राऐवजी उत्खनन वाटावा. पुढे मात्र बैठक फसली की सगळा ओला रंग खरवडून काढायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी भिंतीवर लागतं ते एका दमात केलेलं काम, पण त्याच्याखाली शंभर फसलेल्या बैठका असतात. दूध आटवताना भांड्याच्या तळाला जी खरवड बसते तिची चव वरच्या दुधाला नसते, आणि ती मिळवायला घाई चालत नाही. तसलाच हा प्रकार. चित्रकार लुसियन फ्रॉइडचा हिशेब तर सरळ तासांत मांडता येतो. १९५०च्या दशकाच्या मध्यानंतर तो उभ्यानेच रंगवू लागला, मऊ ब्रश टाकून डुकराच्या राठ केसांचे ब्रश घेतले, आणि पुढे शिशाचा जड पांढरा रंग वापरून कातडी जणू थापून बसवू लागला. २००२ मध्ये चित्रकार डेव्हिड हॉकनी त्याच्यासमोर शंभरहून अधिक तास बसला. परतफेडीला फ्रॉइड हॉकनीसमोर बसला ते मोजकेच तास. हिशेब चुकता झाला नाही, पण दोघांच्या दृष्टीतला फरक त्यात आला.

इथे सगळ्यात अवघड आक्षेप येतो, तो म्हणजे पुन्हा बेकन. बैठक, चिकाटी, समोरचं माणूस, हे सगळं त्याच्या बाबतीत कोसळतं. परिणत काळात तो जिवंत माणूस समोर बसवणं टाळायचा. जॉन डीकिनकडून मित्रमैत्रिणींची छायाचित्रं काढून घ्यायचा आणि स्टुडिओच्या जमिनीवर तुडवल्या गेलेल्या, रंगाने माखलेल्या, दुमडलेल्या त्या फोटोंवरून रंगवायचा. कॅनव्हासही अस्तर न दिलेल्या बाजूने वापरायचा. त्या कोऱ्या बाजूत रंग टिपकागदासारखा शोषला जातो, एकदा लागला की खरवडता येत नाही. आउअरबाखला हजार संधी होत्या, याला एक. जमलं नाही तर चाकू. त्याच्या मृत्यूनंतर रीस म्यूजमधला स्टुडिओ उचलून डब्लिनला नेला, तेव्हा तिथे सात हजारांवर वस्तू निघाल्या आणि त्यांत शंभरेक फाडलेले कॅनव्हास. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नेमका चेहराच कापून काढलेला. ठिगळ लावणारा नव्हे, चिंध्या करणारा चित्रकार. हे मी नाकारत नाही. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, समोर बसलेल्या माणसाला आपण रंगात जी इजा करतो ती त्याच्यादेखत करवत नाही, अशा अर्थाचं कारण त्याने स्वतःच दिलेलं आहे; म्हणजे मूरने ज्या संकोचाने वही मिटली, त्याच संकोचाने बेकनने दार लावून घेतलं. दुसरी गोष्ट, ऑक्टोबर १९७१ मध्ये पॅरिसमधल्या त्याच्या मोठ्या प्रदर्शनाच्या तोंडावर त्याचा साथीदार जॉर्ज डायर हॉटेलात मेला. त्यानंतर बेकन त्याला पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १९७३च्या तीन फलकांत डायर काळ्या दारांत दिसतो. एकात संडासावर, एकात बेसिनवर ओकताना. निर्दय आहे, हो. पण मेलेल्या माणसाला सुबक करून फ्रेममध्ये बसवणं आणि त्याची शेवटची रात्र त्याच्याबरोबर परत परत जागणं, यांत दुसरं जास्त सोपं आहे असं कुणी म्हणू नये.

एक नाव मात्र माझ्या मांडणीत नीट बसत नाही, आणि नेमकं ते आपल्या बाजूचं आहे. फ्रान्सिस न्यूटन सूझा, जन्म १९२४, गोव्यातलं साळगाव. ‘भारत छोडो’च्या धामधुमीपायी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून हाकलला गेला, १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप या कलावंतांच्या गटाच्या स्थापनेत पुढे होता, १९४९ मध्ये लंडनला गेला. (त्याच गटातले शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ मध्ये त्याच वाटेने गेले आणि दोन तपांनी परत येऊन कोकणातल्या मुरुडला राहिले; त्यांच्याबद्दल मराठीत लिहिलं गेलं ते फार कमी.) काही वर्षं उपासमारीत काढल्यावर १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकात त्याचा आत्मकथनपर लेख आला, गॅलरी वनमधलं प्रदर्शन गाजलं आणि सूझा लंडनचा झाला. टेटमध्ये त्याचं १९५९चं ‘क्रूसारोहण’ आहे. काळ्या जाड रेघांचा, काट्याकुट्यांसारखा येशू, दात बाहेर, डोळे कपाळाकडे सरकलेले. इथे कुणी समोर बसलेलं नाही, कुणाला जपायचं नाही. लहानपणी चर्चमध्ये पाहिलेल्या रक्ताळलेल्या मूर्तींची भीती आणि पाद्र्यांवरचा राग त्याने जसाच्या तसा रेघेत ओतला. त्याची विद्रूपता ही फिर्याद आहे. २०१८ मध्ये टेट ब्रिटनने मानवाकृतीवरचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा बेकन-फ्रॉइडच्या बरोबरीने सूझाही भिंतीवर होता. उशिराने का होईना, जागा योग्य मिळाली. माझं सूत्र त्याला लागू पडत नाही याचं मला दुःख नाही; सगळ्यांना लागू पडणारं सूत्र बहुधा कुणालाच नीट लागत नाही.

दुसरा आक्षेप बायकांच्या बाजूने येतो आणि तो जास्त झोंबतो. जपणूक म्हणता, पण जपणारे पुरुष आणि तासन् तास निश्चल बसणाऱ्या बहुधा बायका. स्टेला वेस्टचं चित्रांच्या शीर्षकांत काय झालं? ‘ई.ओ.डब्ल्यू.’ अशी तीन अक्षरं. आवडत्या माणसाला पंचवीस वर्षं पाहून त्याचं नाव आद्याक्षरांत मिटवायचं, ही कसली जपणूक? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की हीच चिकाटी बायकांच्या हातात आली तेव्हा तिने पुरुषांच्या कामाची पोल खोलली आणि स्वतःचं बळही सिद्ध केलं. शिल्पकार एलिझाबेथ फ्रिंकने सफोकमधल्या बालपणी विमानतळाकडे पेटत येणारी बाँबफेकी विमानं पाहिली होती. सांगाड्यावर प्लॅस्टर थापायचं आणि वाळल्यावर छिन्नीने, कानशीने पुन्हा कोरायचं, अशी तिची पद्धत; आणि आयुष्यभर तिने घडवले ते मुख्यतः पुरुष, बहुतेक नागडे, धावणारे, घाबरलेले किंवा काळ्या चष्म्याआड लपलेले गुंड. चित्रकार पाउला रेगो त्याहून पुढे गेली. ही लिस्बनची, सूझासारखीच पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या सत्तेखालच्या कॅथलिक जगातून आलेली, फक्त त्या साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून. १९९८ मध्ये पोर्तुगालमधलं गर्भपाताबाबतचं सार्वमत अपुऱ्या मतदानात बुडालं, तेव्हा तिने पेस्टलमध्ये एक मालिका काढली. चोरून गर्भपात केलेल्या मुली, कुणी पलंगावर, कुणी बादलीवर बसलेली, कुणी शाळेच्या गणवेशात. रक्ताचा थेंब नाही. काहीजणी सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघतात. रेगोच्या कितीतरी चित्रांसाठी लीला नुनेश ही एकच बाई वर्षानुवर्षं उभी राहिली, बसली, लोळली. रेगोच्या आजारी नवऱ्याची शुश्रूषा करायला ती घरात आली होती. तिथेही चित्रकार आणि मॉडेल आहेतच, पण दोघी मिळून कुणाला तरी उत्तर देताहेत असं वाटतं. २००७च्या सार्वमताने कायदा बदलायला वाट करून दिली. चित्रांमुळे बदलला असं म्हणणं उतावळेपणाचं होईल. पण त्या मुलींच्या नजरा तोवर सगळ्यांना ठाऊक झाल्या होत्या.

राहता राहिला मागासलेपणाचा आरोप. न्यूयॉर्कने अमूर्त चित्रकलेने जग जिंकलं आणि लंडन अजून नाकडोळे काढत बसलं, असं तेव्हा म्हटलं जायचं. मूरचाच सहायक राहिलेला अँथनी कॅरो १९६० मध्ये मानवाकृती टाकून रंगवलेल्या पोलादाकडे वळला आणि त्याने उत्तम काम केलं. त्यावर भांडण नाही. पण आकृती ही सोपी वाट होती, हे मात्र खोटं. कॅमेरा हाताशी असताना माणसाचा चेहरा पुन्हा कमवावा लागतो. चित्रकार आर. बी. किताइने १९७६ मध्ये हेवर्ड गॅलरीत मानवाकृतीवरचं प्रदर्शन जमवलं आणि ‘लंडन घराणं’ असा शब्द पुढे केला, तेव्हा ती विजययात्रा नव्हती, बाजू मांडणं होतं. स्वतः किताइ क्लीव्हलंडचा. बेकन डब्लिनचा, फ्रॉइड आणि आउअरबाख बर्लिनचे, रेगो लिस्बनची, सूझा साळगावचा. घराण्यात लंडनला जन्मलेला ठळक माणूस म्हणजे लिऑन कॉसॉफ, तोही ज्यू स्थलांतरितांच्या घरातला. ब्रिटिश मानवाकृती म्हणून जी मिरवली जाते ती बऱ्याच अंशी दुसरीकडून आलेल्यांनी धरून ठेवली. आज तिच्या लिलावांचे आकडे डोळे दिपवतात. २०१३ मध्ये बेकनने रंगवलेल्या फ्रॉइडच्या तीन फलकांना १४ कोटी २४ लाख डॉलर मिळाले. त्या आकड्याने सुरुवातीची बरीच वर्षं ही माणसं हट्टाने अल्पमतात होती हे मात्र झाकलं जातं.

फ्रॉइडनेही बेकनला रंगवलं होतं, १९५२ मध्ये, तांब्याच्या छोट्या पत्र्यावर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसून. चित्राची उंची १८ सेंटिमीटरही नाही. कोटाच्या खिशात मावेल. डोळे खाली वळलेले, कपाळावर केसांची बट, गाल जड. टेटने ते त्याच वर्षी विकत घेतलं. मे १९८८ मध्ये बर्लिनला फ्रॉइडचं प्रदर्शन भरलं, म्हणजे ज्या शहरातून तो १९३३ मध्ये दहा वर्षांचा असताना निघाला होता तिथेच, आणि भर दिवसा कुणीतरी ते भिंतीवरून काढून नेलं. २००१ मध्ये फ्रॉइडने स्वतः एक पोस्टर तयार केलं. फरारी गुन्हेगारांसाठी लावतात तसलं: वर ‘पाहिजे’, मध्ये काळ्यापांढऱ्या छपाईत तो चेहरा, खाली तीन लाख मार्कांचं इनाम. अडीच हजार प्रती बर्लिनभर चिकटवल्या गेल्या. बेकनला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. चित्र अजून सापडलेलं नाही.